चार नंबरची चकती

तुम्ही आमचा कागद वाचला नाहीत. उघडलासुद्धा नसेल. घड्याळ चोराच्या मनगटावर किती वर्षं आहे तेवढं मोजलंत आणि म्हणालात, आता ते त्याचंच.

एवढं लिहून आत्यानं पेनाला टोपण लावलं आणि कागद भाचीकडे सरकवला. घरात वकील ही एकटीच, तीही पेटंटच्या कज्ज्यांत मुरलेली, म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणत. कौतुकानं कमी, चिडवायला जास्त. वकीलबाईनं ओळी वाचल्या आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"आत्या, हे पेटंट कार्यालयाच्या प्रमुखांना जायचंय. चोर कुणाला म्हणतेस?"

"कंपनीला. प्रमुखांना मी नुसतं मोजणारे म्हटलंय."

खिडकीपाशी लेथ पुसणारा भाचा फिसकन हसला. चहात साखर घालतानाही हा माणूस चमचा डोळ्यांसमोर धरून बघायचा, तेव्हा त्याचं नाव मायक्रो पडलं ते कायमचंच. मोजण्यात काही वाईट नाही, तो म्हणाला, फक्त पट्टी आपल्या सोयीची धरू नये.

रविवार होता. खालच्या रस्त्यावर दुकानं बंद होती आणि वर कारखान्यात यंत्रांचे पट्टे थांबले होते, त्यामुळे भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांना पहिल्यांदाच ऐकू येत होतं. त्या भिंतीवर खिळ्यांना गुडघे टांगलेले होते. दर वर्षी बनलेला पहिला गुडघा गिऱ्हाइकाला न देता भिंतीवर जायचा, अशी आत्याच्या वडिलांची, आबांची शिस्त. आबांनी ऐन तारुण्यात एक पाय गमावला, बाजारात मिळालेल्या लाकडी पायानं जिन्यावर दोनदा दगा दिला, आणि तिसऱ्यांदा पडायचं नाही म्हणून त्यांनी स्वतःच गुडघा बनवला. अंगाचं वजन पडलं की हा गुडघा आपोआप अडकायचा, वजन उचललं की सुटायचा. आत एक पाचर, पाचरीमागे तेल मुरवलेली चामड्याची चकती. बस्स. त्या एवढ्याशा चकतीवर तीन पिढ्या उभ्या राहिल्या, आणि गिऱ्हाइकं तर अक्षरशः.

आठ वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीनं याच रचनेचं पेटंट मिळवलं. पाचर तीच, मागची मऊ तेलकट चकती तीच, फक्त नाव भारदस्त. आणि गेल्या वर्षी त्यांची वकिली नोटीस आली: हा गुडघा आमचा शोध आहे, बनवणं बंद करा.

चुकीनं दिलेलं पेटंट कोर्टाची पायरी न चढता पेटंट कार्यालयातच अर्ज करून रद्द करता येतं. वकीलबाईनं तसा अर्ज केला होता. त्या वाटेनं जायचं तर एकच अट: तुमची वस्तू जुनी आहे हे छापील कागदानं दाखवा. भिंतीवरचे गुडघे कितीही जुने असोत, तिथं ते मुके. पूर्वी तीन जाणकार बसत, कागद समोर ठेवून वाचत, आणि अर्ज चालवायचा की नाही ते पानंच्या पानं कारणं देऊन लिहीत. हल्ली तो पहिला निर्णय प्रमुखांनी स्वतःच्या हाती घेतला होता. गुरुवारी त्यांचा आदेश आला, जेमतेम चार ओळींचा. पेटंट मंजूर होऊन सहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. पेटंटधारकाच्या अपेक्षा स्थिरावल्या आहेत. अर्जदारास साडेतीन वर्षांपूर्वीच पेटंटची माहिती देण्यात आली होती. अर्ज दाखल करून घेण्यास नकार.

अर्जाला जोडलेल्या छापील कागदाबद्दल एक अक्षर नाही.

"स्थिरावल्या," आत्या पुन्हा म्हणाली. एकोणचाळीस वर्षं छापखान्यात काढलेली बाई ती, आधी छपाईचे शिशाचे खिळे जुळवण्यात, मग मुद्रितं तपासण्यात. कुठल्या वाक्याच्या पोटात काही नाही ते तिला नुसत्या वासावरून कळायचं. "आठ वर्षांत त्यांच्या अपेक्षा स्थिरावतात. आपली तिसरी पिढी लेथवर उभी आहे, आपल्याला अपेक्षाच नव्हत्या वाटतं."

आदेशाच्या शेजारी दुसरा कागद होता, कंपनीचा करारनामा. शुक्रवारी आला होता, उद्यापर्यंत उत्तर हवं होतं. सही केलीत तर गुडघे खुशाल बनवा, फक्त त्यावर आमच्या पेटंटचा नंबर ठोका, आणि हे मान्य करा की हा शोध मूळचा कंपनीचा आहे, आणि पुन्हा कधी, कुठेही, त्याला आव्हान देणार नाही. नाही केलीत तर भेटू कोर्टात.

सही करावी असं भावजयीचं मत होतं. ती चकत्या कापायची, गेली तीस वर्षं, आणि बोलायचीही तशीच, एका घावात. तेवीस माणसं गुडघ्यासाठी थांबली आहेत, ती म्हणाली, त्यातली एक शिक्षिका उद्या सकाळी येणार आहे. मान्य आहे असं लिहिल्यानं गुडघा काय कमी वाकतो? मायक्रो आईच्या बाजूला थोडा झुकला होता, थोडा नव्हता. मध्येच तो म्हणायचा की नंबर ठोकायचा तर कुठे ठोकणार, आबांचा ठसा असतो तिथं जागाच नाही. वकीलबाईला लढायचं होतं. आणि ज्याच्या सहीनं हे सगळं ठरणार, तो कारखान्याचा मालक, आत्याचा धाकटा भाऊ, सगळ्यांकडे पाठ करून, शेगड्याच्या लोखंडी जबड्यात पकडलेला शिक्षिकेचा गुडघा कानसत उभा होता. सकाळपासून तो एकदाच बोलला होता. म्हणाला होता, आणा, सही करून टाकतो, विषय संपवा.

आत्याला त्याची पाठ वाचता येत नव्हती. लहानपणी यायची.

"सही नंतर," वकीलबाई म्हणाली. तिच्या आवाजाला धार आली, तशी वाद जिंकायच्या आधी नेहमी यायची. "आधी ऐका. तीस दिवसांत फेरविचार मागता येतो. त्याच प्रमुखांकडे, पण मागता येतो. नुसतं 'आमच्यावर अन्याय झाला' म्हटलं तर ते ढुंकून बघणार नाहीत. चूक दाखवावी लागते, आणि ती मला सापडलीये. तिसरी ओळ. साडेतीन वर्षांपूर्वी आपल्याला पत्र मिळालं, असं कंपनीनं नुसतं म्हटलं होतं. असं पत्र आलंच नाही, हे मी लिहून दिलंय. तरी यांनी कंपनीचं खरं धरलं. बाबा, मी प्रतिज्ञापत्र करून आणलंय. पत्र मिळालं नाही, एवढंच. इथं सही करा."

कानस थांबली.

धाकट्यानं ती फडक्यात गुंडाळून ठेवली, हात पुसले, आणि टेबलाखालचा खण ओढला. पॉलिश पेपरची चळत बाहेर काढली. तिच्या तळाशी एक लिफाफा होता, कडेनं नीट कापलेला. लेकीच्या प्रतिज्ञापत्रावर त्यानं तो ठेवला.

"हे आलं होतं," तो म्हणाला.

वकीलबाईनं पत्र काढलं, तारीख बघितली, पुन्हा बघितली. "मी तुम्हाला विचारलं होतं, बाबा. दोनदा."

"हो."

"तुमच्या शब्दावर मी कार्यालयाला लिहून दिलंय. माझ्या सहीनं."

धाकट्यानं मान हलवली. भाचीच्या तोंडावरचा रंग उतरलेला आत्यानं पाहिला. मायक्रोला गप्प राहवेना, आकडा समोर आला की त्याला राहवायचंच नाही. हलक्या आवाजात, जणू कुणाच्या अंगाला हात न लावता, तो म्हणाला की त्या दिवशी पेटंट साडेचार वर्षांचं होतं. सहाच्या आत. दीड वर्ष आपल्या हातात होतं.

मग भावजय उठली. नवऱ्याची बाजू सकाळपासून तिनंच लावून धरली होती, पण आता ती टेबलाला वळसा घालून नणंदेच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिथून त्याला म्हणाली, "गेल्या वर्षी नोटीस आली तेव्हा वन्संनी फार पूर्वी एक कागद छापला होता हे पोरीला मी सांगितलं. तुम्ही नाही. हे पत्र तीन वर्षं खणात कुजवलंत, तेही नाही सांगितलंत. का?"

धाकट्यानं उत्तर बायकोला दिलं नाही. बहिणीकडे बघितलं.

"उत्तर द्यायचं तर ताई, तुझा कागद लागणार होता. कागद मागायचा तर तुझ्या दारात यावं लागणार होतं."

"मग यायचंस."

"आबांनी तो शेगडीत घातला ना," तो म्हणाला, "तेव्हा काड्यापेटी मी दिली होती."

आत्याला हे माहीत नव्हतं. तिला माहीत होतं ते एवढंच: बाविसाव्या वर्षी, समोरच्या छापखान्यात संध्याकाळी खिळे जुळवायला शिकत असताना, तिनं एक घडीचं पत्रक छापलं. गुडघ्याची निगा. चकती कोरडी पडली म्हणून माणसं घसरून पडत आणि लंगडत परत येत, आबा त्यांना तोंडी सांगत, ती विसरत. म्हणून तिनं आतल्या भागांचं चित्र काढलं, नऊ भागांना नऊ नंबर दिले, प्रत्येकासमोर काय करायचं ते लिहिलं, आणि पाचशे प्रती अभिमानानं आबांपुढे ठेवल्या. आबा वाचतही बसले नाहीत. चित्र बघितलं आणि म्हणाले, कारखान्याचं पोट फाडून चव्हाट्यावर मांडलंस. जिला कागद प्यारा, तिनं कागदातच राहावं. ती जिन्याच्या अकरा पायऱ्या उतरली ती उतरलीच. मागे धूर येत होता, पण तिनं वळून बघितलं नव्हतं. वळली असती तर काड्यापेटी कुणाच्या हातात आहे ते दिसलं असतं.

दोन प्रती तेवढ्या वाचल्या, कारण त्या आदल्याच दिवशी तिनं शहराच्या वाचनालयात नेऊन दिल्या होत्या. आपण जुळवलेलं पहिलं पान कुठंतरी राहावं, एवढीच हौस. वाचनालयानं गोल शिक्का मारला, तारीख टाकली, नोंद केली. ज्या कागदापायी तिला घराबाहेर काढलं, तोच आज घरातला एकमेव छापील पुरावा होता.

तिला राग आला. चांगलाच आला. एकोणीस वर्षांचा तो पोरगा तिला दिसला, हात पुढे केलेला. पण समोर उभा होता तो अठ्ठावन्न वर्षांचा, बोटांना लोखंडाचा काळेपणा मुरलेला माणूस, आणि सकाळी सही करून टाकतो म्हणाला होता तो भीतीनं नव्हे, हे तिला आता कळलं. शिक्षा म्हणून करत होता. स्वतःला.

"काड्यापेटीचं तुझं-माझं नंतर बघू," ती म्हणाली. "आधी सांग, त्या कागदावर चार नंबरला काय होतं?"

त्याला आठवावं लागलं नाही. "चार. चामड्याची चकती. दर चार महिन्यांनी काढून रात्रभर तेलात ठेवावी. कोरडी चकती पाचरीला धरत नाही. धरली नाही तर जिना उतरू नये."

शब्दाला शब्द. तिनं लिहिलं होतं तसं, पूर्णविरामांसकट.

"मी आधी वाचला होता," तो म्हणाला. "मग काडी दिली."

आत्यानं आपला कागद परत ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. वकीलबाईनं विचारलं, काय करतेस. आत्या म्हणाली, खरं लिहितेय. पत्र आलं होतं, ते आम्ही खणात ठेवलं, आणि आमच्याच माणसानं आमच्याच वकिलाला खोटं सांगितलं. वकीलबाई म्हणाली की प्रतिज्ञापत्र गेलं केराच्या टोपलीत, आणि आधीचं विधान तिला तसंही दुरुस्त करावंच लागेल, आपल्या तोंडानं. त्याचं तिला काही वाटत नाही, म्हणजे वाटतं, पण करेल. मात्र उशीर मान्य केला की तिसरी ओळ खरी ठरते. मग हातात राहिलं काय?

"उशीर आमचा झाला," आत्या म्हणाली. "तेवढ्यानं शोध त्यांचा कसा झाला?"

वकीलबाई झटकन पुढे वाकली. चष्मा कपाळावरून नाकावर आला. "हे वाक्य," ती म्हणाली, "असंच्या असं घाल." मग पुढची दहा मिनिटं ती आणि आत्या एकाच कागदावर वाकून होत्या, एक कलमं सांगत होती आणि दुसरी त्यातले फुगे फोडत होती. फेरविचार नाकारला तर पेटंटची फेरतपासणी मागायची वाट अजून उघडी होती, नुसत्या कागदावर चालणारी. तिथंही हाच कागद घेऊन जाता येणार होतं. कंपनी कोर्टात गेलीच, तर तिथं भिंतीवरचे गुडघेसुद्धा बोलू शकणार होते. जिंकूच असं वकीलबाई एकदाही म्हणाली नाही, आणि आत्यानंही विचारलं नाही.

करारनामा भावजयीनं उचलला. मान्य आहे त्या ओळीवर तिनं बोट ठेवलं, ते बोट नाकाशी नेलं, आणि नवऱ्यापुढे धरलं.

"तीस वर्षांचा तेलाचा वास आहे याला," ती म्हणाली. "हा कंपनीचा आहे असं मी लिहून देऊ? मघाशी म्हटलं ते म्हटलं. मला तेव्हा खणातलं ठाऊक नव्हतं."

धाकट्यानं तिच्या हातून करारनामा घेतला. फाडला नाही. सहीच्या जागेवर, ठसा मारायच्या आधी पोलादावर आखतात तशा सरळ अक्षरांत, मान्य नाही असं लिहिलं आणि खाली सही केली. मायक्रोनं मान तिरकी करून बघितलं आणि ओळ अगदी समपातळीत आहे असा शेरा दिला. त्यावर बाप हसला, त्या दिवसात पहिल्यांदा.

मग त्यानं शिक्षिकेचा गुडघा उचलला. घरातल्या माणसानं घालून अकरा पायऱ्या उतरल्या-चढल्याशिवाय गुडघा बाहेर जात नसे. आबा स्वतःच्या पायाला लावून उतरत. धडधाकट पायांच्या बाकीच्यांसाठी त्यांनी घोडा केला होता: पाय मागे दुमडून पट्ट्यांनी आवळायचा, खाली नवा गुडघा आणि पाऊल जोडायचं, आणि दुसऱ्याच्या अधूपणावर स्वतःचा जीव तोलायचा. बावीस वर्षांची होईपर्यंत आत्यानं शेकडो गुडघे उतरवले होते. नंतर एकही नाही.

"ताई," धाकटा घोडा घेऊन तिच्यासमोर खाली बसला, "आज तू उतर."

"एकसष्ट झाली मला. पडले तर?"

"मी आहे खाली. आणि चकती भिजलेली आहे, मी बघितली."

भावजय म्हणाली, मी कापलेली आहे, पडतील कशा. त्यानं पट्टे आवळले, जास्त नाही, कमी नाही. तेवढं तो विसरला नव्हता. तो उलटा, दोन पायऱ्या खाली, तोंड तिच्याकडे करून उतरू लागला. मायक्रो वरून कठड्याला टेकून होता. आत्यानं कठड्यावर हात ठेवला, मग काढला. पहिली पायरी. अंगाचा सगळा भार त्या परक्या गुडघ्यावर गेला, आणि आतून तो ओळखीचा झटका आला, मऊ, आवाज न करणारा, जणू कुणी तळव्याखाली हात दिला. गुडघ्यानं धरलं. दुसरी पायरी, धरलं. पाचवीवर तिनं भावाकडे बघितलं तर त्याचे डोळे तिच्या तोंडाकडे नव्हते, गुडघ्याकडे होते, कारागिराचे असतात तसे, आणि तिला ते फार बरं वाटलं. अकरावीला रस्त्यावरचं ऊन लागलं. याच पायरीवरून ती पिशवी घेऊन गेली होती. ती वळली, आणि ताठ मानेनं चढायला लागली.

वर आल्यावर तिनं घोडा सोडू दिला नाही. तशीच टेबलाशी उभी राहिली, वजन नव्या गुडघ्यावर टाकून, आणि अर्जाचा शेवट लिहिला. वकीलबाईनं वाचला. एकही शब्द खोडला नाही. चौघांनी आणि मग तिनंही, अशा पाच सह्या खाली आल्या.

उशीर आमचा झाला, तो आम्ही वर कबूल केला आहे. लपवलं काय, कुणी आणि का, तेही सांगितलं आहे. आता तुमची पाळी. वाचनालयाचा शिक्का आणि तारीख असलेलं एक पान आम्ही तुमच्याकडे दिलं. त्यावर नऊ नंबर आहेत. चौथ्या नंबरला जे छापलं आहे, तेच एकतीस वर्षांनी तुम्ही दुसऱ्याचा नवा शोध म्हणून मंजूर केलंत. आमच्या घरात ज्यानं तो कागद जाळायला काडी दिली, त्यानंही आधी तो वाचला होता. तुम्ही वाचलात का? हो की नाही, ते लिहून कळवा.